सोमवारची ऑर्डर

“दोनदा नाही बाबा, एकदाच दाबा,” रश्मी म्हणाली.

सेवकराम गुरुजींनी माऊसवरचं बोट उचललं, चष्मा सारखा केला आणि एकदाच दाबलं. पत्र लिहायची चौकट उघडली. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन त्यांना आठ वर्षं झाली होती. आता ते सुनेच्या लॅपटॉपवर ई-मेल शिकत होते. त्यांचं स्वतःचं खातं अजून उघडायचं होतं, म्हणून सराव रश्मीच्याच मेलवरून चाले.

दवनीवाड्यातले निम्मे अर्ज आजही गुरुजीच लिहीत. रेशनकार्ड, वीजजोडणी, मास्तरांच्या बदल्या. “अर्जदाराचं तोंड आपण व्हायचं,” ते म्हणत, आणि दुसऱ्याचा अर्ज ‘मी’ म्हणून लिहीत.

“मले हे आधी आलं असतं त तालुक्याच्या चकरा वाचल्या असत्या,” ते म्हणाले.

रश्मीचा फोन वाजला. मोनाली होती, चिचगडची मुलगी, कंपनीत नवीन लागलेली.

“मॅडम, माहिती दोनदा सेव्ह होऊन राहिली. काय करू?”

“उत्तर मी सांगणार नाही. सेव्ह करायची सूचना किती ठिकाणी दिलीस ते पाहा आणि दहा मिनिटांनी फोन कर.”

“जगाच्या पोरी शिकवते,” चुलीजवळून सासू कुसुमबाई बोलल्या. “आपली पोरगी माह्याजवळ ‘अ’ गिरवते.”

सोमवार ते शुक्रवार रश्मी नागपूरच्या ऑफिसात असे, शनिवार-रविवार गावी. चार वर्षांची लेक मैत्री आजी-आजोबांजवळ वाढत होती. नवरा लोकेश गोंदियाच्या एका कॉलेजात शिकवत होता. घरावर एक खोली चढत होती, आणि तिचा स्लॅब सोमवारी पडायचा होता. त्यासाठी रश्मीने सोमवारची रजा काढली होती. खोलीचा नकाशा गुरुजींनी स्वतः काढला होता. ‘सुनेचं टेबल’ असं त्यात खिडकीजवळ लिहिलेलं होतं.

त्या टेबलावर आपण बसणार नाही, हे रश्मीला ठाऊक होतं. कंपनी बंगलोरला नव्या भरतीच्या मुलामुलींना तयार करणारा विभाग उघडत होती आणि त्याची प्रमुख म्हणून तिचं नाव ठरलं होतं. दोन वर्षं ती ही जागा मागत होती. मैत्रीला सोबत न्यायची, तिथल्या शाळेत घालायची. लोकेश जूनमध्ये येणार होता. पोटच्या पोरीसोबत रोज संध्याकाळी जेवायला मिळेल, अशी ही पहिलीच नोकरी होती. ऑर्डर सोमवारी निघणार होती.

“आईले अबी सांगू नको,” लोकेश म्हणाला होता. “स्लॅब पडू दे.”

पण शनिवारी दुपारी साहेबांचा फोन आला. घरात रेंज येत-जात होती, म्हणून ती अंगणात जाऊन मोठ्याने बोलली, आणि कुसुमबाई मागेच उभ्या होत्या.

“बंगलोर? काऊन बंगलोर?”

सेंट्रिंगच्या फळ्या ठोकणाऱ्या उदाराम मिस्त्रीचा हातोडा थांबला. गुरुजी ओसरीवरून उठून आले.

“बदली झाली आई,” रश्मी म्हणाली.

“तू मांगतली का?”

लोकेश जमिनीकडे पाहत होता. मैत्री आजीचा पदर धरून उभी होती.

“मी कायले मांगू? वरूनच ठरलं. नोकरी म्हटली की जावं लागते.”

कुसुमबाईंनी मैत्रीला उचलून कडेवर घेतलं आणि आत गेल्या. रात्री जेवताना गुरुजी एवढंच बोलले. “लोकेश दोन वर्षांचा होता तवा माही बदली झाली. सहा वर्षं बाहेर काढले. सुट्टीत आलो त हा मले मामा म्हणे.”

“बाबाले राग आला,” लोकेश नंतर कुजबुजला.

रश्मीलाही तसंच वाटलं. रविवारी सकाळी गुरुजींनी नेहमीचा सराव केला नाही. दुपारी मात्र ती उदारामसोबत गिट्टी आणि सिमेंटच्या थैल्या पाहत असताना ते एकटेच लॅपटॉपसमोर जाऊन बसले. तासाभराने त्यांनी खिडकीतून हाक मारली.

“बेटा, सिम्पथेटिकलीचं स्पेलिंग काय?”

तिने बाहेरूनच एकेक अक्षर सांगितलं. “कोणाचा अर्ज आहे बाबा?”

“आहे एका गरजूचा.”

तिला बरं वाटलं. निदान बोलले तरी. मोनालीचाही फोन येऊन गेला होता. चूक तिची तिने शोधली होती. रविवार बरा गेला, असं रश्मी मनात म्हणाली.

सोमवारी आठ वाजता मिक्सर सुरू झाला. वीस मजूर, त्यांचा चहा, त्यांचा स्वयंपाक. अकराच्या सुमारास ती हात धुऊन लॅपटॉपजवळ आली आणि डेटाकार्ड लावलं. साहेबांचा मेल सर्वांत वर होता.

‘रश्मी, तुझा कालचा अर्ज मिळाला. लहान मूल, घराचं बांधकाम, वृद्ध सासू-सासरे, ही कारणं मी समजू शकतो. खात्री करायला फोन केला, पण लागला नाही. नावं आज सकाळी दहापर्यंत कळवायची असल्यामुळे बंगलोरची जागा दुसऱ्यांना दिली आहे. तू नागपूरलाच राहशील. यापुढे तुला बाहेरगावी पाठवू नये, अशी तू विनंती केली आहेस; तशी नोंद केली आहे.’

तिने पुन्हा वाचलं. वर स्लॅब पडत होता, पाट्या हातोहात चढत होत्या, कुसुमबाई कुणाला तरी पाणी द्यायला ओरडत होत्या.

गुरुजी दारात आले. मागे कुणी नाही ना, हे त्यांनी पाहून घेतलं. आवाज लहान केला.

“काम कच्चं होतं म्हणून तुले बोललो नोहतो,” ते म्हणाले. “रद्द झाली न, बेटा?”