त्रेपन्नावे नाव

"भिंतीकडे तोंड कर," बाबा म्हणाले. "आणि कपाटाच्या काचेत बघायचं नाही."

"त्या काचेत मला माझंच तोंड दिसत नाही, तुमची बोटं कुठली दिसणार?" लेकीने स्टूल फिरवले. हातातली कात्री मात्र तिने खाली ठेवली नाही. दुरुस्तीला आलेल्या एका बाजाच्या पेटीच्या सुट्या भात्याच्या घड्यांवर चिकटवायच्या पातळ कापडी पट्ट्या ती कापत होती. प्रत्येक पट्टीचे टोक तिरपे.

"सरळ काप की. वेळ वाचेल."

"सरळ कापलं की कोपरा उचलतो. तुमच्या पट्ट्या बघा, सगळ्या वर आल्यात."

 सरसाने चिकटवायच्या कामात लेकीपुढे बाबांचे काही चालत नसे. तिची आई तर सरसाच्या वासाने या खोलीत पाऊलही टाकत नसे. तिला जाऊन चार वर्षे झाली होती.

टेबलावरच्या नव्या पेटीत एका सप्तकात सुरांच्या त्रेपन्न पट्ट्या होत्या. नेहमीच्या पेटीत बारा असतात. बाबांनी नऊ वर्षे खपून पितळेची एकेक पात घासून सूर लावला होता. पेटी संगीतशाळेने मागितली होती, आणि सोबत एक तक्ता: पहिल्या पट्टीपासून प्रत्येक पट्टीच्या अंतराचे नाव. दुसरा कुणी असता तर आकडे टाकून मोकळा झाला असता. बाबा म्हणाले, दोन सुरांमधले अंतर म्हणजे नाते. त्यांनी नात्यांची नावे दिली. जवळ आले की एकमेकांवर गुरगुरणारे, ते व्याही. चाळिसाच्या पुढे नाती संपली, तेव्हा भाडेकरू आणि घरमालकही घ्यावे लागले.

नियम एकच होता. पाठमोऱ्या माणसाने तीन दिवसांत एकदा तरी ओळखले, तर नाव राहणार. नाहीतर तक्त्यात नुसता आकडा. आज तिसरा दिवस. दुपारी छापखान्याचा माणूस यायचा होता.

बाबांनी दोन पट्ट्या दाबल्या.

लेक थांबली. सूर विरत गेला तसा तिने कान किंचित तिरका केला. "मावस."

"बरोबर."

"चुलत... नाही, थांबा. सावत्र."

"बरोबर."

असे करत बावन्न झाले. उरले एक.

शुद्ध गंधाराला बाबांनी 'सख्खं' म्हटले होते. त्यात थरथर नव्हती. दोन सूर एकच होऊन जात. त्याच्या शेजारची पट्टी जवळजवळ तिथेच होती, पण तिथे पोचायची वाट वेगळी. पंचमावर पंचम अशी चार पावले लांबून चालत यायचे. आले की बारीकशी थरथर राही. तिचे नाव होते 'मानलेलं'.

या एका नावासाठी बाबांनी सगळा खटाटोप केला होता. लेक अकरा महिन्यांची असताना त्यांनी तिला अनाथाश्रमातून घरी आणले होते. "सांगून टाका हो," असे तिची आई शेवटपर्यंत म्हणत राहिली. बाबांची जीभ कधी वळली नाही. आता ती अंतर ओळखेल, 'मानलेलं का म्हणालात?' असे विचारेल, आणि त्या ओघात आपण बोलून जाऊ, असे त्यांनी ठरवले होते. आश्रमाचा कागद खालच्या खणात होता. घड्यांवर इतका विरला होता, की हातात दोन तुकडे होतील या भीतीने त्यांनी तो नऊ वर्षांत उघडला नव्हता.

दोन दिवस लेक चुकली होती.

बाबांनी बोटे ठेवली.  त्यांनी पट्ट्या दाबल्या.

"सख्खं," लेक म्हणाली. सूर अजून विरलाही नव्हता.

"नीट ऐक. घाई नको."

त्यांनी पुन्हा वाजवले.

"सख्खंच आहे, बाबा. किती वेळा विचाराल?"

"शेवटचं."

"शंभरदा वाजवा. मला सख्खंच ऐकू येतं." ती उठली. "चहा टाकते. तो छापखानेवाला येऊन बसेल आणि तुम्ही इथे परीक्षा घेत बसाल."

ती आत गेली. बाबांनी चष्मा पुसला. बावन्न ओळखणारा कान नेमका इथे कसा फसतो, ते त्यांना कळेना. आपणच पात नीट घासली नसेल, असेही मनात येऊन गेले. पण नियम तो नियम. त्यांनी मोजपट्टी घेऊन तक्त्यातल्या 'मानलेलं' वर सरळ रेघ मारली आणि शेजारी त्या अंतराचा आकडा लिहिला, अठरा.

मग त्यांनी खालचा खण ओढला. आता त्या कागदाचे काम उरले नव्हते. एकदा वाचावा आणि कायमचा तळाशी घालावा, म्हणून त्यांनी तो जपून, दोन्ही हातांनी उलगडला.

कागद फाटला नाही. मागच्या बाजूने प्रत्येक घडीवर पातळ कापडी पट्टी चिकटवलेली होती. पट्ट्यांची टोके तिरपी कापलेली होती, एकही कोपरा उचललेला नव्हता, आणि सरस जुना होऊन पार पिवळा पडला होता.