न धरलेली लस

"बूस्टरही धरला नाही, ताई," डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर ठेवला.

चंद्रभागेनं मान खाली घातली, जणू तीच नापास झाली होती. शेजारच्या खुर्चीवर तिचा धाकटा भाऊ बहिरू बसला होता. त्याच्या लिव्हरचा तुकडा तिच्या पोटात बसवून वर्ष उलटलं होतं. तेव्हापासून ती पंचवटीपलीकडच्या मळ्यात, माहेरीच राहत होती. काविळीची लस तिनं पुरी घेतली होती, वर हा बूस्टरही.

"नीट टोचली नसंल," बहिरू म्हणाला.

"लस ठीक होती. गोळ्यांमुळं असं होतं. तुमचं लिव्हर परकं समजून यांचं शरीर त्याच्याशी भांडू नये, म्हणून त्या गोळ्या. पण मग शरीर कशाशीच भांडायला उठत नाही. लस दिली तरी ढिम्म."

"मग गोळ्या बंद करू," चंद्रभागा म्हणाली.

"लस धरेल कदाचित. पण लिव्हर जाईल."

"नगं, नगं," बहिरू घाईनं म्हणाला. "आता न भांडताच राहू द्या. ल्हानपणी लय भांडलो."

चंद्रभागेला हसू आलं. खरंच, भांडल्यावाचून एक दिवस जात नसे. तो एक दिवस सोडून. देवी टोचणारा माणूस सायकलवरून मळ्यात आला, तसा बहिरू झेंडूत पळाला. वडलांनी, म्हणजे आप्पांनी, तिला त्याच्या मागं धाडलं. तो सापडला, गुडघ्यांत तोंड खुपसून बसलेला. ती हाक मारणारच होती. पण त्याचे थरथरते खांदे बघून तीही त्याच्याजवळ मातीत बसली. वाफ्याला नुकतंच पाणी दिलेलं. परकर भिजला. डोक्यावर नुसती केशरी फुलं आणि मधमाश्यांची गुणगुण. बहिरूनं तिचा हात घट्ट धरला होता. लांबून आप्पांच्या हाका येत होत्या, पण दोघांनीही ओ दिली नाही. शेवटी आप्पांनी दोघांना बखोटीला धरून नेलं. आधी मार मिळाला, मग देवी. त्या वावरात आता बंगले झाले होते. तिथून जाताना ती अजूनही रिक्षावाल्याला हळू घ्यायला सांगे.

"आता लस घरातल्यांनी घ्यायची," डॉक्टर सांगत होते. "तुम्हाला आजार झाला नाही, तर तुमच्याकडून यांना होणार नाही."

बहिरूचा चेहरा उतरला. "आजच?"

"अरे, एवढं पोट फाडून घेतलंस, आन् सुईला भितो?" चंद्रभागा म्हणाली.

"तव्हा झोपवलं व्हतं, आक्का."

डॉक्टर हसले. चंद्रभागेचं हसू मात्र तिथंच थांबलं. "राहू दे बहिरू. माझ्यापायी सगळ्यांना कशाला तरास? मी मागच्या खोलीत वेगळी राहीन."

बहिरू उठून बाहेर गेला आणि मोबाईलवर घरी फोन लावला. परत आला तो थेट नर्सपुढच्या स्टुलावर बसला, शर्टाची बाही वर केली आणि डोळे गच्च मिटले. दुसरा हात त्यानं मागं, आक्काच्या दिशेनं केला. तिनं तो धरला.

थोड्या वेळानं दवाखान्यासमोर त्यांचा फुलांचा टेम्पो थांबला. बहिरूची बायको सिंधुबाई उतरली, पाठोपाठ दोन्ही पोरी. मग तिघींनी मिळून म्हाताऱ्या गोजराबाईला खाली घेतलं. काठी टेकत ती आत आली.

"आई, तू जरा बस. दम खा," चंद्रभागा म्हणाली.

गोजराबाईनं तिच्याकडं बघितलंही नाही. पदर बाजूला सारून तिनं सुरकुतलेला दंड नर्सपुढं धरला.

"आधी मला टोच, माय. रातच्याला हिच्यापाशी मीच निजते."