नॉर्मल रिपोर्ट

"माझा या घरात जीव गुदमरतो," असं ती म्हणाली, की नवरा मायेने विचारायचा, "सकाळची गोळी घेतलीस ना?" सासूबाई त्याला समजवायच्या, "मनावर घेऊ नकोस रे, तिचा थायरॉइड बोलतोय." अशी दोन वर्षं गेली.

आज डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टवर बोट ठेवलं. चौदावर गेलेलं टीएसएच अडीचवर आलं होतं. "वाढलेलं असतं तर गोळी कमी पडतेय म्हटलं असतं. आता डोस अगदी बरोबर बसलाय."

घरी येऊन तिने रिपोर्ट नवऱ्यापुढे ठेवला. "बघ, सगळं नॉर्मल आहे. आणि तरीही मला इथे राहायचं नाही."

त्याने चष्मा लावून रिपोर्ट दोनदा वाचला.


"लॅब बदलून बघू," तो मायेनेच म्हणाला.