फक्त मुलाला

गोंदर शहरातल्या आमच्या प्रयोगशाळेत चिघळलेल्या जखमेतले जंतू बशीभर पसरले होते. फक्त वैदू तेसेमाअबांच्या पावडरीच्या अर्काभोवती स्वच्छ गोल उरला होता. ती सीलबंद बशी दाखवायला मी त्यांच्या गावी गेले. “अबा, पावडर पुरे झाली. झाडाचं नाव सांगा.” “नाव फक्त मुलाला सांगायचं असतं, पोरी. सात पिढ्यांची शपथ आहे.” “मग सांगितलंत त्याला?” “आला की सांगेन. त्याच्याकडून घे.” “अदिस अबाबाहून कधी आला होता?” बशी उजेडात धरून ते गोलाकडे बघत राहिले. “बारा वर्षं झाली.” मग कॉफीचा कप सारून त्यांनी मुलाला फोन लावला. रिंग वाजत राहिली. अबांनी माझ्याकडे पाठ केली आणि फोनमध्ये झाडाचं नाव सांगितलं, सावकाश, दोनदा. “लिहून घेतलंस ना, बाळा?” मी शेवटचं अक्षर लिहून वही मिटली. पलीकडे अजून रिंगच वाजत होती.