फॉस्फेट येतं कुठून?

सात महिने काव्या खाऱ्या पाण्याच्या छोट्या मत्स्यटाकीतलं शेवाळ खरवडत होती. दिवा चार तासांवर आणला, खाणं निम्मं केलं, पाणीही आरओचंच वापरलं. तरी दर आठवड्याच्या चाचणीत शेवाळाला पोसणारं फॉस्फेट चढलेलं आणि काच हिरवी. तीन मासे गेले, एक उरला. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करूनही हे फॉस्फेट येतं कुठून, ते तिला सापडत नव्हतं. अखेर दमून तिने कामावर रजा टाकली आणि उरलेला मासा दुकानात परत द्यायला जाळी हातात घेतली.

"इतक्यात हरलीस व्हय?" पूजा आटोपून तिची आई ईरम्मा टाकीपाशी आली. तिने विभूतीची चिमूट पाण्यात सोडली आणि हात जोडले.

"अव्वा, हे काय टाकलंस?"

"इबूत. तू कामाला गेलीस की रोज टाकते. माशाला कपाळ कुटं हाय लावायला?"

काव्याने जाळी खाली ठेवली. शेण जाळून केलेली राख. राखेत फॉस्फेट किती असतं, हे तिने परीक्षेत लिहिलं होतं.

"रोज एक चिमूट?" तिने विचारलं.



"पयल्यांदा एकच टाकत होते की. शेवाळ वाढलं, तशा तीन केल्या."