चांगल्या घरचा कोट

"थांब गं जरा," म्हणत एका बाईने रांगेतून निघालेल्या पोरीला खांद्याला धरून थांबवलं आणि तिच्या अंगातल्या निळ्या कोटाची कॉलर उलटी केली. आतलं अस्तर जुन्या पडद्याचं होतं, फुलाफुलांचं. पोर घाबरून रडायला लागली, तशी कपडे वाटणारी मावशी पुढे आली.

"बाई, काय करताय? चार दिवस ऊब मिळतेय लेकराला, मिळू द्या की."

"हा कोट कुठून आला, मावशी? हा मी शिवलाय. माझ्या मुलीचा आहे."



मावशी सरकारी दवाखान्याच्या लाँड्रीत कामाला होती. त्या वर्षी तापाची साथ होती. ज्या घरातलं पोर आजारी निघे त्या घराला कुलूप लागे आणि बाकीची भावंडं साथीच्या वॉर्डात उचलून नेत, धडधाकट असली तरी. तिथून परतलेली फार थोडी. मग दवाखान्यात पडलेलं पोर आपलं म्हणून चौकशी करायला कोण फिरकणार? पोरं बेवारस म्हणून जात आणि त्यांचे कपडे गाठोड्यांतून लाँड्रीत येत. ते आधी उकळायचे आणि मग जाळायचे, असा हुकूम होता. जाळायचेच तर उकळायचे कशाला, हे साहेबाला विचारायची सोय नव्हती. मावशीने उकळले, पण जाळले नाहीत. थंडी मी म्हणत होती आणि गल्लीतली पोरं काकडत होती. तिने आपल्या खोलीसमोर दोरी बांधली, कोट वाळत घातले, आणि दोरीसमोर आपोआप रांग लागली. पुढे ज्याला सगळे कोटमंडळ म्हणू लागले ते एवढंच होतं, एक दोरी आणि मेलेल्या पोरांचे कपडे.

समोर उभी होती ती गल्लीतली टेलरबाई. नवरा गेलेला, शिवणावर पोट. मोठी मुलगी साथीच्या दिवसांत दूध आणायला म्हणून गेली ती परतलीच नाही. घरात उरला धाकटा. हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे हळहळतही होते.

आता या बाईला काय सांगायचं? खरं सांगायला मावशीची जीभ रेटेना.

"एका बंगल्यातून आला," ती म्हणाली. "चांगल्या घरची बाई स्वतः देऊन गेली. म्हणाली, आमच्या मुलीला आखूड होतोय, भराभर वाढतेय पोर."

टेलरबाई तिथेच मटकन बसली आणि तोंडात रुमाल कोंबून रडली. मावशीने मनातल्या मनात बंगल्याचा पत्ताही जुळवून ठेवला होता. पण टेलरबाईने पत्ता विचारलाच नाही.

"वाढतेय म्हणाली ना?" एवढंच तिने विचारलं, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं. मग उठून तिने त्या रडणाऱ्या पोरीच्या कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून दिली. दुसऱ्या दिवशी ती आपली कात्री घेऊन मावशीकडे कामाला हजर झाली.

मग तिने शहरातल्या सगळ्या बंगल्यांचे उंबरे झिजवले. "मुलांना आखूड झालेलं काही आहे का?" म्हणत ती दारोदार फिरे. दार उघडलं की आतून कुणाचं पोर डोकावतंय का ते बघे. मावशीच्या जिवाला घोर लागला. ही बाई लेकीला शोधतेय, आणि शोधायला आपणच लावलंय! सगळे बंगले संपले की काय होईल, या विचाराने तिला घास गोड लागेना.

पण बंगले संपले नाहीत. साथ ओसरली, तरी कोट येत राहिले, मग बूट आले, मग शाळेच्या फिया भरणारे आले. एक हेडमास्तर मंडळाचे अध्यक्ष झाले. धाकटा मोठा होऊन मंडळाचा टेम्पो चालवू लागला, त्याला दोन गोजिरवाणी पोरं झाली. मावशीचे केस पिकले. खोटं मात्र होतं तिथेच होतं.

मंडळाची स्वतःची इमारत झाली. उद्घाटनाच्या आधी हेडमास्तरांनी आपलं भाषण दोघींना वाचून दाखवलं. "हरवलेल्या लेकीला शोधत एक आई दारोदार फिरली, त्यातून ही संस्था उभी राहिली. ती लेक आज कुठेतरी सुखात असेल..."

मावशीला पुढचं ऐकवेना. तिने टेलरबाईला हाताला धरून शेजारच्या कोटांच्या खोलीत नेलं आणि दार लावलं.

"अगं, मी मेल्यावर तरी तू मला शिव्या देशील. त्यापेक्षा आत्ता दे. बंगला नव्हता, बाई नव्हती. तो कोट दवाखान्यातल्या गाठोड्यातून आला होता. तुझी पोर तेव्हाच गेली गं. मी तुला आयुष्यभर फिरवलं."

टेलरबाईने शिवी दिली नाही. ती खुर्चीवर बसली.

"मला तेव्हाच कळलं होतं, मावशी. तुम्ही खोटं बोललात म्हणून तर मी जगले."

"कळलं होतं? कसं?"

"दूध आणायला गेली नव्हती ती. तापाने फणफणली होती. धाकट्याला उचलून नेतील या भीतीने मीच तिला कोटात गुंडाळलं आणि दवाखान्याच्या फाटकाशी बसवून आले."

मावशीने लावलेल्या दाराला आतून कडी घातली.

"वळले तोच पहारेकऱ्याने हाक मारली. बाई, ही पोर तुमची का? पोर शुद्धीवर होती, मावशी. माझ्याकडेच बघत होती. मी तिच्यासमोर सांगितलं, माझी नाही."