हट्टी पेशंट

"मशीन नाही लावणार?" काकांनी विचारलं. "अगं, निदान शेक तरी दे."

"नाही, काका."

"मग एक्स-रे काढ."

"त्याचीही गरज नाही."

"कशावरून?"

फिजिओथेरपिस्ट मुलगी हसली. काका दर गुरुवारी हेच विचारत आणि ती दर गुरुवारी तेच सांगे. काका उजवा पाय ओढत येत, खिडकीजवळच्या खुर्चीत बसत आणि उत्तर ऐकताना डोळे मिटून घेत.

"गुडघा म्हणजे टायर नाही, काका, वापरला की झिजला म्हणायला. गुडघा म्हणजे शेजारी. रोज बोलत राहिलात, तर अडचणीला धावून येईल."

तिच्याबरोबर काकांचेही ओठ हलले. इतक्यांदा ऐकून पाठ झालं असणार, असं तिला वाटलं.

वाक्य तिचं नव्हतं, बाईंचं होतं. बाई विद्यापीठातून दर बुधवारी दुपारी यायच्या. सगळे डबे उघडून बसले की त्या तपासणीच्या टेबलाच्या कडेवर चढून बसायच्या आणि पाय हलवत पाठीवरचं, मानेवरचं, गुडघ्यावरचं एखादं नवं संशोधन वाचून दाखवायच्या. मग एकेकाला विचारायच्या, "हे ऐकलंत. आता उद्या सकाळी पहिल्या पेशंटला काय सांगाल?"

कुणी टक्केवारी सांगू लागलं की त्या हात वर करायच्या. "अरे बाबा, पेशंटचा गुडघा टक्क्यांत दुखत नाही. त्याला कळेल असं बोल."

कुणालाच जमलं नाही की शेवटी त्याच एक वाक्य द्यायच्या. ते इतकं सोपं असायचं की आपल्याला का सुचलं नाही म्हणून राग यायचा.

"ही वाक्यं आणता कुठून?" मोठ्या डॉक्टरांनी एकदा विचारलं होतं.

"घरी तालीम करते. घरी एक महाहट्टी पेशंट आहे माझ्या. त्याला पटलं की जगाला पटतं."

सासूबाई असणार, यावर डब्यांभोवती सगळ्यांचं एकमत झालं होतं.

बाईंमुळेच शेकाचं मशीन चादर घालून अडगळीच्या खोलीत गेलं. पेशंट झोपून राहायचे ते चालायला लागले. मग एका बुधवारी बाई आल्या नाहीत. विद्यापीठातून फोन आला, बाई गेल्या म्हणून. त्यानंतर बुधवारचं वाचन ही मुलगी करत होती. तिला बाईंसारखं हसवता यायचं नाही, पण ती वाचायची. टेबलाच्या त्या कडेवर अजून कुणी बसत नसे.

दार ढकलून मोठे डॉक्टर आत आले. "काय काका, कसा आहे गुडघा?"

"जैसे थे."

डॉक्टरांनी मुलीला दाराशी बोलावलं. आवाज खाली ठेवला, पण पुरेसा खाली नाही.

"तीन महिने झाले. हा माणूस आला तसाच आहे."

"बाकीचे बरे होतायत, सर. एका पेशंटवरून ठरवायचं नाही, बाई म्हणायच्या..."

"मला माहितीये काय म्हणायच्या. पण हा एक पेशंट बाहेरच्या बाकावर बसून विचारील त्याला सांगतो, काही फरक नाही म्हणून. तिथं तुझं संशोधन कोण वाचतंय? लोक मशीन मागायला लागलेत. सोमवारी बाहेर काढतोय ते. आणि दुपारचं वाचनही आता पुरे. तेवढ्या वेळात पेशंट बघ."

डॉक्टर गेले. मुलगी परत आली आणि घडी घातलेले टॉवेल पुन्हा घडी घालू लागली.

"बुधवारचं बंद?" काकांनी विचारलं.

"हो."

"आणि ते शेजाऱ्याचं?"

"मशीन लावलं की पेशंट घोरायला लागतो, काका. कुणाला सांगू?" तिने नाक पुसलं. "माझंच चुकलं. बाईंनी तुम्हाला केव्हाच पटवलं असतं."

काका टेबलाच्या त्या कडेकडे बघत राहिले. मग दोन्ही हात छातीवर घेतले आणि कशाचाही आधार न घेता उठले. बसले. पुन्हा उठले.

"काका, हळू!"

"हळू कशाला? बोलाव डॉक्टरांना."

डॉक्टर पुरे म्हणेपर्यंत काका उठत-बसत राहिले.

"अहो, मग मघाशी जैसे थे काय म्हणालात?"

"बरं वाटतंय म्हटलं की दृष्ट लागते, डॉक्टर. या पोरीनं चाला चाला म्हणून डोकं खाल्लं माझं, त्यानं झालं हे. आता बाकावर बसून हेच सांगतो सगळ्यांना. ते मशीन राहू दे चादरीखाली."

डॉक्टर दारापर्यंत गेले आणि मागे न बघता म्हणाले, "वाच गं, वाच. बुधवारी काय वाचायचंय ते वाच."

मुलीला हसू आवरेना. "म्हणजे काका, आता तुम्हाला गुरुवारी यायलाच नको! सुटलात माझ्या तावडीतून."

"सुटलो खरा," काका म्हणाले. चप्पल पायात सरकवायला त्यांना वेळ लागला. "जाता जाता एकदा सांग ना. ते शेजाऱ्याचं."

तिने सांगितलं. काकांनी डोळे मिटून ऐकलं. या वेळी त्यांचे ओठ हलले नाहीत.

ठरल्याप्रमाणे ते आधी बाकावर बसले, येईल त्याला सांगत. मग रस्त्याला लागले. सवयीने पाय थोडा ओढला गेला. कोपऱ्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण आज डावा ओढतोय, आणि ते सरळ चालू लागले. घराखाली पोचल्यावर ते आजवर कधीच न दुखलेल्या गुडघ्यांनी कठड्याला हात न लावता सगळे जिने चढले. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोन खुर्च्या होत्या. काका त्यांच्या नेहमीच्या, पेशंटच्या खुर्चीत बसले. समोरची बाईंची.

"नुसतं चालून बरा होतो?" त्यांनी त्या खुर्चीला विचारलं. "कशावरून?"